ज्या लग्नाचं गाणं झालं

सान हुआन,
४ मार्च २०२३

ती. नेरेइदाताईस यानेलीसचा सा. न. वि. वि.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. अक्षराला हसू नकोस.

माझं ते गाणं कुठे कुठे पोचलंय ते तुझ्या कानावर आलंच असेल. दोन वर्षांपूर्वी मी लोकांच्या वाढदिवसांना गात होते, आणि मेमध्ये इथल्या सगळ्यात मोठ्या सभागृहात माझा कार्यक्रम आहे. तिकिटं तासाभरात संपली. रेगेटोन गाणं हे मुलींचं काम नव्हे म्हणणारे आता मला दारापर्यंत सोडायला येतात. पण ताई, हे सगळं तुझ्या लग्नाच्या दिवसावर उभं आहे. नऊ वर्षांची मी फुलांची परडी घेऊन चर्चच्या पायरीवर उभी होते, आणि तू पांढऱ्या झग्यात बाहेर येऊन पाहुण्यांना सांगितलंस, की एदगार्दो येणार नाही, तो समुद्रापलीकडे ओरलँडोला पळून गेला. तेच गाण्यात आलं. तुला विचारलं नाही, कारण तू नको म्हणाली असतीस. हे खरं कारण. बाकी सगळ्या सबबी.

लोक चिडवतात का गं? रागव, शिव्या दे, पण बोल. आईनंतर जिने माझ्या वेण्या घातल्या, तिलाच मी चव्हाट्यावर आणलं.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
यानेलीस


पोन्से,
१९ मार्च

चि. यानेलीसला अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर अजून कोंबडीच्या पायांचंच आहे. मासिकातला तुझा फोटो शाळेच्या स्वयंपाकघरात आम्ही सगळ्याजणींनी पाहिला. तुझ्या अंगावर होतं तेवढ्या कापडात मी एक कढई पुसते. जेवतेस ना वेळेवर? तुरीच्या दाण्यांचा भात तिथे कुणी धड करत नसणार.

मी रागावलेली नाही. तुझा आवाज ऐकला की खोटं बोलता येणार नाही, म्हणून फोन उचलत नव्हते.

एदगार्दो पळाला नव्हता. मीच त्याला येऊ नको म्हटलं. आईला जाऊन चार महिने झाले होते. त्याला ओरलँडोत काम मिळालं होतं, आणि लग्नाच्या सकाळी तो म्हणाला, की यानेलीसला दोन वर्षं मायाग्वेसच्या मावशीकडे ठेवू, मग बघू. मी म्हटलं, की मग तू एकटाच जा. तो रडला गं. तरी गेला. चर्च माणसांनी भरलेलं. खरं बोलले असते तर तू ऐकलं असतंस आणि जन्मभर स्वतःला दोष दिला असतास. म्हणून तो पळाला असं सांगून मोकळी झाले. हे झालं चांगलं दिसणारं कारण. दुसरं असं, की लोक माझी कीव करत होते, घरी डबे आणून देत होते, आणि मला ते आवडलं.

'शेपूट घालायला आईनेच शिकवलं' अशी ओळ आहे ना तुझ्या गाण्यात? पोरं ती एदगार्दोच्या आईच्या, दोन्या प्रोवीच्या, खिडकीखाली म्हणतात. तिने चर्चमध्ये मिस्साला येणं सोडलंय. मुलाशी बोलणं तर तिने त्या दिवसापासूनच टाकलं. अकरा वर्षं तो फोन करतो आणि ती ठेवून देते. हे मला माहीत होतं आणि मी गप्प बसले.

आता मला काय म्हणायचं ते म्हण.

तुझी,
ताई


सान हुआन,
२२ मे

ती. ताईस सा. न.

दोन महिने लिहिलं नाही. आधी तुझा राग आला, मग स्वतःचाच. मी नसते तर तुझा संसार झाला असता, हे डोक्यातून जाईना. आणि त्याच माणसावर मी सबंध बेटाला हसायला लावलं!

शनिवारी कार्यक्रम झाला. सगळे त्या एका गाण्यासाठी आले होते आणि मी ते गायले नाही. लोकांनी आरडाओरडा केला, पुढच्या रांगांनी स्वतःच म्हणायला सुरुवात केली. मी वाद्यं थांबवली आणि सांगितलं, की त्या माणसाने आणि त्याच्या आईने काही वाईट केलेलं नव्हतं. मी न विचारता लिहिलं. हे गाणं पुन्हा गाणार नाही. बरेच लोक उठून गेले. कंपनीचे साहेब म्हणाले, की स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतलास. असेल.

तुझं नाव मी घेतलं नाही. तुझं तू सांगायचंस. दोन्या प्रोवीचं दार वाजव, ताई. येत्या रविवारी तू गेली नाहीस तर मी येऊन वाजवेन. धमकी समज.

तरीही तुझीच,
यानेलीस


पोन्से,
३१ मे

चि. यानेलीसला आशीर्वाद.

रविवारी गेले. तिने बसायला सांगितलं, मी उभ्यानेच सगळं बोलले. ती कॉफी ओतत होती. कप भरला, बशी भरली, टेबलावर ओघळ आला, तरी तिचा हात थांबेना. मग एवढंच म्हणाली, की त्याला फोन लाव.

मी तिच्याच फोनवरून लावला. आईचा नंबर पाहून त्याने आधी आशीर्वाद मागितला, लहानपणी मागायचा तसा. फोन माझ्याच कानाला होता. मलाच सांगावं लागलं, की मी नेरेइदा, तुझ्या आईला खरं काय ते सांगितलंय. त्याने विचारलं, की तुझी धाकटी कशी आहे? त्याच्या दोन्ही मुलींना तुझं गाणं पाठ आहे. ते कुणावर आहे, हे त्याने त्यांना कधी सांगितलेलं नाही.

दोन्या प्रोवीने फोन माझ्या हातातून घेतला आणि मला दार दाखवलं.

काल ती शाळेत आली. सगळ्यांसमोर म्हणाली, की सतरा जूनला एदगार्दो पोरींना घेऊन येतोय, नातींना मी पहिल्यांदा बघणार आहे. त्या दिवशी तू मला आपल्या गल्लीत दिसू नकोस. मी माफी मागितली. तिने विचारलं, की अकरा वर्षं कुठून आणून देशील?

सतराला सकाळच्या गाडीने तुझ्याकडे येते. कुणाला बोलावू नकोस, आणि मला समजावू नकोस. नुसती जवळ बस.

तुझी,
नेरेइदा