उत्कर्षाच्या ऑफिसातून माझी रवानगी

कसबा पेठ, पुणे
रविवार, दुपार

ती. आप्पासाहेब यांस,
विजयमालाचा नमस्कार.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि कानातले यंत्र तुम्ही लावत नाही, म्हणून हे पत्र लिहावे लागत आहे. तुमचे मोतीबिंदूचे ऑपरेशन ठरल्याचे कळले. एका डोळ्याने अजून वाचता येते असे तुम्हीच सांगता, तेव्हा अक्षर मोठे काढले आहे. डॉक्टरांनी दिलेले थेंब वेळेवर घालावेत, शेजाऱ्यांनी सुचवलेले घालू नयेत. वहिनींची कंबर कशी आहे? माझे गुडघे आहेत तसेच आहेत. मी त्यांच्याकडे लक्ष देत नाही.

आधी आभार. तुमचे वकिलीतले टेबल, फिरती खुर्ची आणि कायद्याची पुस्तके साताऱ्याहून सुखरूप पोचली. (टेबलाच्या खणात तुमची तपकिरीची डबी निघाली. ती परत मिळणार नाही.) पण त्याहून मोठे उपकार म्हणजे तुम्ही माझ्या धाकट्या भावाला, प्रज्ञेशला, वेळेवर झापलेत. त्याची उत्कर्षा वकिलीची परीक्षा पास झाली, सनद हातात आली, तरी हा तिला हिंजवडीच्या एका कंपनीत करार तपासायला बसवणार होता. "पोरीला स्वतःच्या टेबलाशी बसू दे," हे तुम्ही म्हणालात म्हणून त्याने ऐकले. मी तेच वर्षभर म्हणत होते. तरी त्याने अट घातलीच: दिवाळीपर्यंत एक तरी दावा कोर्टात दाखल झाला पाहिजे, नाहीतर हिंजवडी.

ऑफिस माझ्या पुढच्या खोलीत थाटले. वकिलांना जाहिरात करता येत नाही, पाटीसुद्धा बेताचीच लावावी लागते, हे मला पसंत पडले. आतल्या बाजूला उत्कर्षा आणि दाराशी मी, कारण आल्यागेल्याला पाणी कोण विचारणार? मुख्याध्यापिका म्हणून मी जन्मभर भांडणे ऐकली आहेत. भांडणारा माणूस निम्मा वेळ समोरच्याला नावे ठेवण्यात घालवतो आणि मुद्दा राहून जातो. म्हणून मी नियम केला: आत जाण्याआधी प्रत्येकाने आपली तक्रार एका कागदावर लिहावी, आणि त्यात एकही विशेषण नसावे. 'नालायक', 'हलकट', 'उलट्या काळजाची' असे काही आले की मी लाल पेनाने खोडून कागद परत देत असे. उत्कर्षाचा वेळ वाचावा हा हेतू.

वेळ फारच वाचला. इमारतीतल्या विमलाबाई वरच्या मजल्यावरच्या गळतीबद्दल नोटीस द्यायला आल्या होत्या. तिसऱ्यांदा लिहिताना त्यांना आपला मजकूर इतका बेचव वाटला, की त्या वर जाऊन स्वतःच बोलून आल्या आणि गळती थांबली. पाठोपाठ एक नवराबायको आले, वेगळे व्हायला. दोघांच्या कागदांवर खोडाखोडीनंतर फक्त सासूबाई उरल्या. ते हसत हसत घरी गेले. मला समाधान वाटत होते. उत्कर्षा तेवढी दाराशी येऊन विचारी, "आत्या, माझे अशील कुठे गेले?"

मग आले वैजनाथ आणि पोपट हे भाऊ. हिंजवडीच्या पलीकडचे शेतकरी. एका बिल्डरने त्यांच्या जमिनीवर इमारत बांधली, आणि रस्त्याकडेच्या एका गाळ्यावरून दोघांत मारामारीची वेळ आली होती. दोघे एकमेकांवर दावा लावायला एकाच सकाळी, एकाच वकिलाकडे आले. (पाटी दोघांनी एकाच दिवशी पाहिली असावी.) मी दोघांना एकाच बाकावर बसवले. हे वकिलीत चालत नाही, असे मला नंतर सांगण्यात आले. विशेषणे खोडल्यावर दोन्ही कागदांवर एकच वाक्य राहिले: बिल्डरने रस्त्याकडेचे दोन गाळे कबूल केले होते, एकच दिला. वैजनाथ भावाच्या कागदात डोकावून म्हणाला, "आरं, तुझंबी तेच हाय की." खरे तर तिथे मी त्यांना आत पाठवायला हवे होते. मी त्यांना बिल्डरकडे पाठवले, नीट समजावून सांगा म्हणून. त्याने चहा पाजून बाहेर काढले.

गुरुवारी उत्कर्षाचा फोन टेबलावर वाजत होता, ती आतल्या घरात होती, मी उचलला. पलीकडून वैजनाथ हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, त्या बाई हायत का तिथं? नसतील तवा येतो." मी म्हटले, नाहीत. पिशवी घेतली आणि भाजीला गेले. मंडईत गवार निवडत बसले, तीही अगदी सावकाश. परतले तेव्हा दोघा भावांनी वकीलपत्रावर सह्या केल्या होत्या. बिल्डरविरुद्धचा दावा शुक्रवारी शिवाजीनगर कोर्टात दाखल झाला. दिवाळी अजून लांब आहे. प्रज्ञेशला मी दाव्याचा नंबर तेवढा कळवला. तुमचे आभार पुन्हा एकदा मानते, यापुढे मानणार नाही.

आपली,
विजयमाला

ता. क. ऑपरेशननंतर तुम्हाला वाचून दाखवायला माणूस लागेल. मला बोलवावे, दोनतीन महिने तरी. पत्र उत्कर्षाच्या नावे लिहावे आणि माझ्यावाचून तुमचे अडले आहे असे स्पष्ट म्हणावे. मी सुचवले हे कळता कामा नये. मुलीला खोली मोकळी हवी आहे, पण ती मला तसे म्हणणार नाही, आणि मीही तिला म्हणू देणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट मागायला गेले तर उत्कर्षाने साताऱ्याच्या गाडीचे तिकीट हातात ठेवले, बुधवारचे. वहिनींशी तिचे आठवडाभर व्हॉट्सॲपवर ठरत होते. दोघींनी मला विचारले नाही, हे मी लक्षात ठेवले आहे. येते. जेवणात गवार नको.

ताबापावती, बुधवार. निघण्यापूर्वी उत्कर्षाच्या ताब्यात दिले: पुढची खोली, झाडून. दाराशी ठेवलेली माझी खुर्ची, आता अशिलांसाठी. पाण्याचा माठ, रोज घासावा. पुढच्या दाराच्या किल्ल्या दोन. (तिसरी माझ्याकडे राहील, घर माझे आहे.)

देणार: विजयमाला. घेणार: ॲड. उत्कर्षा. तिने वाचून मगच सही केली.