सूर्यभान कुणाला म्हणायचं

काष्टी,
दि. ८ जानेवारी २०२५

ती. गोजरअक्कास,
धाकट्या भावाचा शि. सा. न. वि. वि.

मोबाईलवर तुला ऐकू येत नाही आणि मला सुचत नाही, म्हणून आपली पत्रंच बरी. आपल्या निकिताला मुलगी झाली. बाळंतीण इथं माहेरीच आहे. पोरीचं कपाळ थेट तुझं.

आता पंचाईत ऐक. नात हट्टाला पेटली आहे, लेकीला आजोबांचंच, म्हणजे माझंच नाव ठेवणार म्हणते. सूर्यभान! मी म्हणालो, अगं, हजेरीला पोरं हसतील. तर म्हणते, तुम्ही इतकी वर्षं हजेरी घेतलीत, एखाद्याच्या नावाला हसू दिलंत का? नातजावई हर्षल तिच्याच बाजूचा. केडगावच्या विहीणबाई तेवढ्या म्हणाल्या, नुसतं सूर्या म्हणा, भान येईल तेव्हा येईल.

वरवर मी रागावलो. पण सकाळी अंगणात ऊन उतरलं आणि जुना वर्ग डोळ्यांपुढं आला. पहाटेची कविता चालीवर म्हणताना सूर्य शब्द आला की पोरं माझ्याकडं बघून खुदकन हसायची. आणि त्याही आधीचं आठवलं, मी कविता घोकत बसायचो आणि चुलीपाशी भाकरी थापता थापता तुझीच आधी पाठ व्हायची.

घरात मोठी तू. तू नको म्हणालीस तर निकिता ऐकेल. जन्मात तू मला नावानं हाक मारली नाहीस, कायम बाळच म्हणालीस. पणतीला तरी मारशील का?

लोभ आहेच, लोणच्यासारखा मुरत राहावा.
तुझा,
सूर्यभान


राहाता,
दि. १७ जानेवारी २०२५

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पोरगी झाली, लई ब्येस झालं. निकितासाठी डिंकाचं लाडू धाडलेत, तू खाऊ नको, तुला शुगर हाय.

नावाचं म्हनशील तर माझं नको म्हननं हाय. कारन कधी बोलले न्हाई, आयला वचन दिलं हुतं. आता आय न्हाई, आन मी तरी किती दिवस?

ते नाव पैलं माझं हुतं. दादांनी ठरिवलं हुतं, पैल्या लेकराला आपल्या बापाचं नाव द्यायचं. झाले मी. दादा म्हनले, ठरलं ते ठरलं. पाच वर्सं सगळा गाव मला सूर्यभान म्हनायचा. मग तू झाला. आजी म्हनली, नावाचा धनी आला. तुला ते नाव दिलं आन मला गोजर केलं. आय पाळन्यात तुला सूर्यभान म्हनायची, की मी खळ्यातनं ओ देत पळत यायची. बाया हसायच्या. आय म्हनायची, तुला न्हाई गं, त्याला. मग मी ओ द्यायचीच सोडली.

तुझा राग न्हाई. पर तुझं नाव घ्यायला गेले की माझीच हाक मला ऐकू यायची. म्हनून तू बाळच ऱ्हायला. आज या पोरीला हौसंनं नाव देतील, आन पाठीवर भाऊ आला की काढून घेतील. तवा तिनं कुठं बघायचं? त्यापरीस दिशा ठेवा, काय बी ठेवा.

म्हातारीचं ऐकलं तर जिवाला बरं वाटंल.
गोजर


काष्टी,
दि. २६ जानेवारी २०२५

ती. आत्याआजींस,
निकिताचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आजोबांनी वाचलं आणि माझ्या हातात दिलं. त्या दिवशी ताटावरून तसेच उठले. संध्याकाळी म्हणाले, माझं नाव द्यायचं असेल तर नको. अक्काचं द्यायचं असेल तर तिलाच विचार.

म्हणून विचारते. उद्या मुलगा झाला तर त्याला दुसरं नाव शोधू, नावांचा काही दुष्काळ पडलेला नाही. हर्षलनी हे त्यांच्या आईसमोर सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, दिलेलं परत मागायला ते काय उसनं पीठ आहे?

नऊ फेब्रुवारीला बारसं. कानात नाव सांगायचा मान आत्याचा, म्हणजे माझ्या नणंदेचा, मोनिकाचा. ती म्हणते, मान आत्याचाच राहू दे, फक्त आत्या मोठी असू दे. हर्षल गाडी घेऊन येतील. तुम्ही आला नाहीत तर पोर बिननावाची राहील.

लाडू संपले. माया पुरवून पुरवून खाते आहे.
तुमची,
निकिता


काष्टी,
दि. ११ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास,
साष्टांग नमस्कार.

बारशाच्या गडबडीत बोलणं राहिलं. समोरासमोर जमलंही नसतं. पत्रात मधेच डोळे पुसता येतात.

तू पोरीच्या कानाशी वाकलीस, तेव्हा बायकांनी तुझ्या पाठीत धपाटे घातले, पण हात राखून. मग विहीणबाईंनी पहिली हाक मारली, सूर्यभाऽऽन! जन्मभराची सवय, ओ द्यायला माझं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात पाळण्यापाशी ओ आली. केवढी मोठी! खळ्यातून पळत येणाऱ्या पोरीची. तू लगेच पदर तोंडाला लावलास. पण कुणी हसलं नाही गं. मी माझी ओ तशीच गिळली. गोड लागली.

आता दिवसभर घरात त्याच नावाचा गजर चालतो. निकितानं हाक मारली की मी पुस्तकातून मान वर करतो. मग आठवतं, मला नाही, तिला.

कैरीच्या दिवसांत ये. माया आहेच, लोणच्यासारखी, तिला वारा लागू देऊ नको.

तुझा,
बाळ