मागच्या जिन्याचं कुलूप

प्रिय आबा,

आई दोनदा फोनवर म्हणाली, बापाशी बोल. समोर आले तर माझा आवाज चढेल आणि तुम्ही उठून निघून जाल, म्हणून लिहिते आहे. शेवटपर्यंत वाचा.

इमारतीला आग लागली तर माणसं किती वेळात बाहेर पडतील, हे कॉम्प्युटरवर मांडून बघायचं, हे माझं काम. पुण्यात परक्यांच्या इमारती तपासते, मग टाकव्याचं आपलं मंगल कार्यालय का नको, म्हणून मार्चमध्ये लॅपटॉप घेऊन आले. वरच्या मजल्यावर पंगतीला चारशे माणसं, म्हणजे पडद्यावर चारशे निळे ठिपके. दोन्ही जिने उघडे असले की चार मिनिटांत मजला रिकामा. मागचा बंद केला, तर सगळे पुढच्या जिन्याच्या वळणावर अडकले. अकरा मिनिटं लागली. तुम्ही हसलात. म्हणालात, "पोरी, मागचं दार उघडं ठेवलं तर बिनबोलावलेली निम्मी पंगत तितनंच वर येती." त्या दारावरच्या कुलपाचा फोटो मी आकड्यांसकट तुम्हाला पाठवला. तुमचं उत्तर अजून माझ्या फोनमध्ये आहे: "कुलूप राहू दे. चावी माझ्यापाशी हाय."

मे महिन्यात भर दुपारी पंगत चालू असताना छताच्या सजावटीच्या कापडानं पेट घेतला. माणूस घाबरला की आला त्याच वाटेनं पळतो, हेही मी तुम्हाला सांगितलं होतं. पाहुणे पुढच्या जिन्यावर तुंबले, खरचटले, भाजले, पण वाचले. नंदाबाई मागे भांडी घासत होती. पुढे धूर होता. ती दहा पावलांवरच्या मागच्या दाराकडे धावली, आणि त्या बंद दाराशीच तिचा देह सापडला. आई आजारी होती त्या वर्षी जिनं मला दुधात भाकरी कुस्करून भरवली, ती नंदाबाई.

मला तुमचा संताप येतो आबा, आणि माझाही. त्या चारशे ठिपक्यांत नंदाबाई नव्हतीच. मी पाहुणे धरले. वाढपी, आचारी, भांडी घासणाऱ्या बायका धरल्याच नाहीत. तुमचीच लेक ना, मलाही त्या दिसल्या नाहीत. ही चूक मी कुणावर ढकलणार नाही.

तुम्ही मात्र ढकललीत. चावी निजामभाईंकडे असायची, त्यांनीच दार उघडलं नाही, असा जबाब दिलात. चौदा वर्षं ते तुमच्या फाटकावर उभे राहिले, आज कोठडीत आहेत. काल त्यांच्या पत्नी, हुस्नबानो, माझ्या दारात आल्या. रडल्या नाहीत, तुम्हाला शिव्याही दिल्या नाहीत. एवढंच विचारलं, "ताई, चावी कधी त्यांच्याकडं होती का, तेवढं सांगा." आणि मी, तुमचं उत्तर फोनमध्ये असून, मला माहीत नाही म्हणाले. त्या परत गेल्या.

म्हणून हे पत्र. आपला धाकटा ओंकार ते तुमच्या हातात देईल. परवा सकाळी अकरा वाजता मी वडगावच्या पोलीस ठाण्यात जाणार आहे, तो फोटो, ते आकडे आणि तुमचं उत्तर घेऊन. तुम्ही दहाला या. आत जाऊन चावी कुणाकडे होती ते स्वतःच्या तोंडानं सांगा. मी बाहेर थांबेन, आणि पुढे जे होईल त्यात तुमच्या शेजारी उभी राहीन. नाही आलात, तर मी एकटी आत जाईन.

तुमचीच,
अपेक्षा