प्रथम पारितोषिकप्राप्त झुडपाबाबत हरकत

प्रति,
मा. अधीक्षक साहेब,
सार्वजनिक उद्यान व तळे कार्यालय,
(मुख्य फाटकाशेजारी, पिण्याच्या नळामागील खोली)

विषय : 'पक्षी आणि फूल' छायाचित्र स्पर्धेतील प्रथम क्रमांक रद्द करून फाटकावरील फलक उतरविणेबाबत.

संदर्भ : १) माझा यापूर्वीचा हरकत अर्ज.
२) आपले उत्तर, ज्यात "सदर छायाचित्रात मनुष्य आढळून आला नाही" असे आपण बेधडक नमूद केले आहे.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, मी सेवानिवृत्त असून पक्षी व फुले यांचे छायाचित्रण हा माझा छंद आहे. आपल्या स्पर्धेत यंदा प्रथम क्रमांक मिळालेले छायाचित्र माझ्या पत्नीने मोबाईलवर काढलेले आहे. त्यात तळ्याकाठच्या एका झुडपावर खंड्या पक्षी बसलेला असून झुडपास एक फूल आलेले दिसते. ते झुडूप मी आहे.

२. आपल्याच नियमावलीप्रमाणे छायाचित्रात मनुष्य अथवा मनुष्याने बनवलेली वस्तू असता कामा नये. या छायाचित्रात मनुष्य तर आहेच, शिवाय त्याचा कॅमेरा, तिपाई आणि घडीची खुर्चीही आहे. एवढे सगळे तीन परीक्षकांच्या सहा डोळ्यांना दिसले नाही. त्यांपैकी एक आपण स्वतः होतात, म्हणून अधिक लिहीत नाही. दुसरे गृहस्थ लग्नाचे फोटो काढतात. ज्यांना आयुष्यभर "जरा हसा" यापलीकडे काही म्हणावे लागले नाही, त्यांनी खंड्याबद्दल मत द्यावे हेच मुळात हास्यास्पद आहे. तिसऱ्या, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक बाई. त्यांनी झुडपावरील फुलाबद्दल "आपल्या भागात क्वचित आढळणारे रानफूल" असा लेखी शेरा मारला आहे. सदर फूल आमच्या बैठकीच्या खोलीच्या जुन्या पडद्याचे आहे. पडद्याचा उरलेला भाग आमच्याकडे अजून पायपुसणे म्हणून वापरात आहे. बाईंना अभ्यासासाठी हवा असल्यास घेऊन जावा.

३. आता मी झुडूप का झालो होतो, हे आपल्यासारख्यांना समजावून सांगणे आले. खंड्या हा अत्यंत बुजरा पक्षी आहे. तळ्यातील कमळाच्या कळीवर तो क्षणभर बसतो, आणि तो क्षण टिपणे ही या छंदातली सर्वोच्च गोष्ट मानली जाते. कळी, तिच्यावर निळा खंड्या, मागे शांत हिरवे पाणी. त्या एका फोटोसाठी मी अनेक वर्षे पहाटे येऊन त्याच जागी बसत आहे. पक्ष्याला माणूस दिसू नये म्हणून पत्नीकडून पाने लावलेला डगला व टोपरे शिवून घेतले. कापड कमी पडले म्हणून तिने पडदा फाडला आणि टोपऱ्यावर ते फूल स्वतःच्या मनाने लावले. मी तेव्हाच म्हटले होते की हे काय बाहुलीचे लग्न आहे काय! पण आमच्या घरात माझे ऐकतो कोण.

४. कॅमेऱ्याबाबतही वस्तुस्थिती नोंदवणे भाग आहे, कारण बक्षीस समारंभात आपण माईकवरून "फोटो काढायला मोठा कॅमेरा लागतो असे थोडेच आहे" असे उद्गार काढलेत आणि पहिल्या रांगेतल्या माझ्या मेव्हण्याने शिट्टी वाजवली. महोदय, लागतो. उडत्या पक्ष्याचे पंख पकडायला किती वेगाने शटर उघडावे लागते, लांब लेन्स हातात धरली की श्वास कुठे रोखावा लागतो, पांढऱ्या फुलाचा पांढरेपणा उन्हात जळू नये म्हणून प्रकाश किती कमी घ्यावा लागतो, हे सगळे मी शिकलो आहे. मेव्हण्यासारख्या माणसाला मी माझा कॅमेरा दाखवला तर त्याचा पहिला प्रश्न, "यात फिल्टर येतात का?" फोटोचे संपादन म्हणजे काय, हे तर विचारूच नये. आपल्या प्रदर्शनातला तो पोपट बघितलात ना? रंग इतका चढवला आहे की पोपट नव्हे, ओल्या रंगाची भिंत वाटते. सूर्यफुलांच्या फोटोत सूर्यच दोन आहेत. त्याला उत्तेजनार्थ बक्षीस! मी मात्र मूळ फाईल जपून ठेवतो, रंगाला बोट लावत नाही, फक्त मध्ये येणारे नको ते पुसून टाकतो.

५. घटनेच्या दिवशी मी नेहमीप्रमाणे कळीवर नजर लावून बसलो होतो. पत्नी मागच्या बाकावर होती. ती रोज येते, थर्मास आणते आणि बसते. सकाळी माझ्या डोक्यावर काहीसे वजन आल्याचे जाणवले. मला वाटले वाळकी फांदी पडली असावी. मी हललो नाही. नंतर ते वजन गेले, पाण्यात डुबुक् आवाज झाला आणि वजन परत आले. मग माझ्या टाळूवर काहीतरी ओले, थंडगार, दणादण आपटू लागले. जाणकारांस ठाऊक आहे की खंड्या मासा पकडला की गिळण्यापूर्वी तो बसल्या जागी आपटून मारतो. तो मासा माझ्या डोक्यावर आपटला जात होता. तरीही मी हललो नाही, कारण माझा सगळा रोख कळीवर होता आणि खंड्या आता कोणत्याही क्षणी येईल अशी माझी खात्री होती. याला शिस्त म्हणतात. या उद्यानात मोबाईल घेऊन फुलाफुलांत घुसणाऱ्या टोळक्याला ती सात जन्मांत जमणार नाही.

पत्नीने त्याच वेळी पर्समधून मोबाईल काढला. मला सांगितले का नाहीस, असे नंतर विचारले असता ती म्हणाली, "तुम्हीच बजावलं होतंत, आभाळ कोसळलं तरी तोंड उघडायचं नाही." एवढे बोलून ती हसायला लागली ती थांबेचना. मी तो फोटो ताबडतोब पुसून टाकण्यास सांगितले. तिने तो आपल्याकडे पाठवला.

६. त्यानंतरचा तमाशा आपल्या कार्यालयाने चालवला आहे. प्रथम छायाचित्र भिंतीएवढे मोठे करून फाटकावर लावण्यात आले. फाटकावरचा पहारेकरी मला आत सोडताना रोज दात काढतो, कारण पत्नीने त्याला सगळे सांगितले आहे. पुढे आपण "दुर्मीळ झुडपाचे जतन" असा फलक करून माझ्या नेहमीच्या जागेभोवती तारेचे कुंपण घातलेत. आत झुडूप नाही हे लक्षात आल्यावर तरी डोके ठिकाणावर येईल अशी अपेक्षा होती. परंतु आपण झुडूप चोरीस गेल्याचे जाहीर करून माळ्यांची झाडाझडती सुरू केलीत. परवा हेडमाळ्याने सर्वांदेखत मला अडवून माझी पिशवी उघडायला लावली. पिशवीत डगला होता. त्याने तो उलटापालटा करून पाहिला, त्यावरची पाने ओढून बघितली, आणि "साहेब, मुळासकट उपटलंत की काय?" असे विचारले. माझी ही अवस्था झाली आहे, महोदय! कुंपणामुळे मला कळीसमोर बसता येत नाही. यंदाचा कळ्यांचा हंगाम संपत आला आहे, आणि पुढच्या वर्षी माझ्या गुडघ्यांना तेवढे बसणे झेपेल की नाही, देव जाणे.

७. आपल्या उत्तरात आपण कळवले की, झुडूप म्हणजे मीच असल्याचे छायाचित्र काढणाऱ्या व्यक्तीने लिहून दिल्यास विचार करता येईल. त्यानुसार मी मजकूर तयार करून पत्नीपुढे ठेवला. तिने सही करण्यास नकार दिला. ती म्हणाली की, मी काही खोटे लिहून देणार नाही, मला तिथे झुडूपच दिसत होते, आणि रोजच दिसते. मी तिला सभ्य भाषेत समज दिली. त्यावर ती भाजी चिरत चिरत म्हणाली, "एवढी वर्षं तुमच्या पाठीमागे बसले. एकदा वळला असतात, तर मी होते तिथे." सदर विधानाचा छायाचित्रणाशी काहीही संबंध नसल्याने ते विचारात घेऊ नये, ही विनंती. केवळ तिने सही का केली नाही, याची पूर्ण माहिती आपणास असावी म्हणून नमूद केले आहे.

८. राहता राहिला प्रश्न आपल्या कारकुनाच्या फोनचा. सन्मानफलकावर लावण्यासाठी विजेत्या स्पर्धकाचा एक चांगला फोटो हवा, असा निरोप त्याने घरी दिला. पत्नीने त्याला, "आमच्या घरात फोटोग्राफर आहेत, त्यांच्याकडे असेलच" असे सांगून फोन ठेवला. बक्षिसाविरुद्ध माझी हरकत कायम असली तरी मागितलेली गोष्ट देणे हा शिष्टाचार आहे, म्हणून मी माझा सर्व संग्रह तपासला. खंड्या पुष्कळ आहेत. बगळे, धोबी, दयाळ, जास्वंद, पांढऱ्या गुलाबावर दव, पिवळ्या गुलाबावर दव, सगळे तारीखवार लावलेले आहे. पत्नीचा फोटो नाही. याचे तांत्रिक कारण असे की, माझी लेन्स लांबच्यासाठी आहे. फार जवळ असलेले तिला स्पष्ट दिसत नाही. एका फोटोत, झेंडूच्या मागे, कोपऱ्यात तिचे कोपर आले होते असे मला नक्की आठवते. ते मी संपादनात पुसले होते. काम इतके सफाईदार झाले आहे की, आता कितीही मोठे करून पाहिले तरी तिथे कोणी होते असे वाटत नाही.

काल रात्रभर मला झोप लागली नाही. म्हणून आज सकाळी उद्यानात न जाता मी तिचा फोटो घरीच काढायचे ठरवले. दुसऱ्याची लेन्स मागून आणली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उजेड चांगला येत होता. तिला नीट बसायला सांगितले. ती म्हणाली, आता कशाला, मला कामे आहेत. हनुवटी जरा वर कर म्हटले, तर ओट्याकडे तोंड करून भांडी विसळू लागली. मी तिपाई लावून दाराशी थांबलो. अजिबात हललो नाही. बराच वेळ थांबलो, महोदय. उजेड गेला.

तरी विनंती की,
(अ) प्रथम क्रमांक रद्द करून फाटकावरील फलक उतरवावा;
(ब) तारेचे कुंपण काढून माझी जागा मोकळी करावी व झुडपाची चौकशी थांबवावी;
(क) अ व ब मान्य होत नसल्यास निदान विजेत्या स्पर्धकाचा फोटो सादर करण्यास मुदत वाढवून मिळावी. मोबाईलवर तिने स्वतःच काढून पाठवलेला फोटो कृपया स्वीकारू नये. तो मला काढायचा आहे. ती वळेल असे वाटते, परंतु कधी, ते सांगता येत नाही. तोपर्यंत पाठमोरा फोटो चालेल किंवा कसे, हे उलटटपाली कळवावे.

आपल्या उत्तराच्या प्रतीक्षेत,
आपला नम्र,
(सही)
अर्जदार, तथा विजेत्या स्पर्धकाचे पती

दिनांक : आजचाच

सोबत :
१) पडद्याचा तुकडा, फुलासह.
२) डगला घातलेला माझा फोटो, समोरून (मेव्हण्याने काढलेला, हललेला).
३) पत्नीचा फोटो, पाठमोरा.