भिंतीवरची टिकली

दौंड,
३ जानेवारी २०२५

चि. सुवर्णास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

चि.च्या पुढं सवयीनं सौ. लिहायला गेले आणि पेन तिथंच अडलं. आत जाऊन रडून आले, आता लिहिते.

तुला मोबाइल बघितला की गरगरतं, फोनवर बोललं की डोकं ठणकतं, म्हणून शिरूरच्या पूनम मॅडमनी कागदावर थोडं वाचायची आणि लिहायची परवानगी दिली, असं तुझ्या सासऱ्यांनी, सोपानमामांनी, कळवलं. शाळेत निबंध मी लिहून द्यायचे आणि शाबासकी तू खायचीस. आता तूच लिही म्हणजे झालं. अक्षर मोठं काढलंय. तरी एका दमात वाचू नकोस.

रोहिदासराव गेले त्याला महिना होत आला. मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारसाठी मळ्यातली शेवंती शिरूरच्या बाजारात घालून तुम्ही दोघं गाडीवर परत येत होता, आणि अंधारात उसाची ट्रॉली बिनलाइटची उभी. ते जागेवर गेले, तू वाचलीस. डोक्याच्या फोटोत काही नाही, मेंदूला हादरा बसलाय, असं डॉक्टर म्हणाले. मग सगळ्यांनी तुला अंधाऱ्या खोलीत निजवलं ते निजवलंच. सासूबाई तुझ्याशी शब्द बोलत नाहीत, हेही कानावर आलंय. तिथं कुढत बसण्यापेक्षा तू दौंडला ये. तुझ्या दाजींची गाडी म्हणशील तेव्हा निघेल.

दोन ओळींचं का होईना, उत्तर येऊ दे.

तुझी ताई,
प्रगती


न्हावरे,
११ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र तुकड्यातुकड्यानं वाचलं. हेही तसंच लिहितेय.

पूनम मॅडम फिजिओथेरपीवाल्या. मला वाटायचं तिथं गुडघेदुखीचीच माणसं जातात. सुरुवातीचे थोडे दिवस विश्रांती घेतलीत ते बरोबर, त्या म्हणाल्या, पण पुढं नुसतं पडून राहिलं की शरीर तोल विसरतं. आता रोज थोडं चालायचं, डोकं जास्त दुखायला लागलं की थांबायचं, निवलं की पुन्हा. मान आखडलीय, ती हळूहळू सैल करायची. आणि एक अजब व्यायाम आहे. भिंतीवर डोळ्यांसमोर खूण लावायची, नजर तिच्यावर रोवायची आणि मान डावीउजवीकडे फिरवायची. हादऱ्यानं डोळे आणि कानातला तोल यांचं बिनसलंय, ते असं पुन्हा जुळतं म्हणे. पहिल्या दिवशी करताना भिंतच पळायला लागली.

खुणेला टिकली सोपी, असं मॅडम म्हणाल्या. त्यांना कुठलं माहीत. माझं टिकल्यांचं पाकीट दहाव्याला सासूबाईंनी उचलून नेलं. आरशाच्या कडेला एक जुनी चिकटलेली सापडली, तीच लावलीय.

सासूबाई ताट आणून ठेवतात आणि जातात. त्यांचा लेक गेला आणि सून परत आली. त्यांच्या जागी मी असते तर मलाही माझं तोंड बघवलं नसतं. म्हणून राग येत नाही, नुसतं एकटं वाटतं.

दाजींना नमस्कार. माया आहेच, ती अशीच राहू दे.

तुझी,
सुवर्णा


दौंड,
२० जानेवारी

चि. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद.

काल यवतच्या बाजारात तुमच्या न्हावऱ्याची एक बाई भेटली आणि हात जोडून म्हणाली, तुमच्या भैनीच्या अंगात देवी येती, लई कडक हाय. मी मेथीची जुडी हातात धरून बघतच राहिले. लहानपणी आरतीत पेंगणारी तू, तुझ्यात कुठली देवी येतेय? हसू आलं आणि धडकीही भरली. काय चाललंय तिथं? आता मी ऐकणार नाही. खरं काय ते कळव, नाहीतर दाजींना पाठवते.

तुझी काळजीनं बेजार,
ताई


न्हावरे,
२७ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मी केस मोकळे सोडून व्यायाम करत होते. नजर टिकलीवर, मान इकडून तिकडं. शेजारच्या बायकांनी खिडकीतून बघितलं आणि झालं. कुणी पायावर पाणी घातलं, कुणी हळदकुंकू वाहिलं. थांबले तर इतकं गरगरलं की तोंडातून शब्द फुटेना. एकीनं तेवढ्यात म्हैस कधी गाभण राहील तेही विचारून घेतलं.

मग सासूबाईंनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लोटलं. समोर बसल्या. दीड महिन्यानं पहिल्यांदा बोलल्या. म्हणाल्या, आई, माझ्या लेकराला लई लागलं व्हतं का? त्यानं मला हाक मारली का?

ताई, शिरूरच्या स्टँडपर्यंत मला आठवतं. पुढं एकदम दवाखान्यातला पंखा. मधलं काहीच नाही, मॅडम म्हणतात ते कदाचित कधीच आठवणार नाही. पण त्यांच्या तोंडाकडं बघून मी घोगऱ्या आवाजात बोलून गेले, लागलं न्हाई, झोप लागावी तसा गेला. त्यांनी माझ्या पायांवर डोकं ठेवलं. सासूनं सुनेच्या पायांवर. नंतर मला उलटी झाली, ती डोक्यामुळं की त्या बोलण्यामुळं, सांगता येत नाही. मी हे पाप केलं का गं?

तुझीच,
सुवर्णा


दौंड,
४ फेब्रुवारी

चि. सुवर्णास,
अनेक आशीर्वाद.

पाप नाही. पण खोट्यावर किती दिवस बसशील? उद्या ओट्या घेऊन बायका दारात येतील आणि तुझा व्यायाम बंद पडेल. सासूबाईंना खरं सांगून टाक. रविवारी दाजी गाडी घेऊन येतायत, पिशवी भरून ठेव. चिडल्या तर चिडल्या, तू माझ्याकडं असशील.

वाट बघणारी,
ताई


न्हावरे,
१२ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

दाजींना तसंच परत पाठवलं म्हणून रागावू नकोस. त्यांच्याबरोबर दिलेली शेवंती पोचली ना? ती सासूबाईंनी स्वतः तोडली होती.

शनिवारी मी त्यांना सांगितलं, की देवी वगैरे काही नव्हती, तो व्यायाम होता, आणि मी खोटं बोलले. त्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, मला ठावं व्हतं. देवी कवा टिकलीकडं बघून घुमती व्हय? तुला इचारायचं धाडस व्हईना, म्हणून देवीला इचारलं.

मग त्यांनीच विचारलं, तुला खरं काय आठवतंय तेवढं सांग. मी म्हणाले, स्टँडजवळ ह्यांनी तुमच्यासाठी भेळ बांधून घेतली. त्यांचे हात थांबले. विचारलं, कांदा घातलेली? मी म्हणाले, नाही, आईचा मार्गशीर्ष आहे, कांदा नको, असं भेळवाल्याला दोनदा बजावलं.

ताई, पोरगा गेल्यापासून त्यांना कुणी रडताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी शेंगांच्या सुपात तोंड घालून रडल्या.

दुसऱ्या दिवशी टिकल्यांचं पाकीट माझ्या फळीवर परत आलेलं होतं. कपाळाला लावायची का ते मी ठरवलेलं नाही, त्याही विचारत नाहीत. चालताना आता भिंत धरावी लागत नाही. मात्र उजेडाचा त्रास अजून आहे, आणि मळ्यात वाकायला मॅडमनी आणखी वेळ मागितलाय.

खुणेऐवजी आता समोर माणूस बसवून, त्याच्या तोंडावर नजर ठेवून मान फिरवायची आहे. सासूबाई बसतात. त्यांचे डोळे अगदी ह्यांच्यासारखे आहेत, इतक्या वर्षांत खाली मान घालून वावरताना मी ते कधी बघितलेच नव्हते. मान फिरते, नजर हलू द्यायची नाही. दोघींपैकी एकीचे डोळे भरले की समोरचं पुसट होतं. मग त्या पदरानं आधी माझे पुसतात, मग स्वतःचे, आणि म्हणतात, चल, पुन्यांदा.

दाजींना नमस्कार. माझ्यासाठी काढलेली खोली तशीच राहू दे, येईन, पण पाहुणी म्हणून.

तुझी,
सुवर्णा