आईंची लातूरची खोली

लातूर,
१२ ऑगस्ट २०१०

शिवशंकरभाऊजी,

शरणू शरणार्थी. नांदेडला सगळे खुशाल असाल. इकडे शिवांगी बरी आहे, मीही बरी आहे. मामंजींचं जेवण वेळेवर चाललं आहे, काळजी नसावी.

पत्रावर लातूर वाचून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. तुमचे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकते. कागदावर मला मधेच कुणी तोडत नाही.

आईंच्या श्रद्धांजलीचा बोर्ड तुम्ही गावच्या स्टँडवर लावलात. 'प्रेमळ पत्नी, माता व आजी.' त्यात खोटं काही नाही. पण वाचणाऱ्याला वाटावं, बाई जन्मभर घरात बसून नुसतं प्रेम करत होती. साठी उलटल्यावर ही बाई नवऱ्याला गावात ठेवून नातीला रांधून घालायला शहरात आली, ते कुठे लिहिलंय?

त्या निघाल्या तेव्हा तुम्ही नव्हता. शिवांगीला अकरावीला इथल्या क्लासला घातलं आणि मेसचं खाऊन पोरगी आजारी पडली. मला शेत सोडता येईना. आई म्हणाल्या, "मी जाते."

मामंजी कडाडले, "अन् माझ्या भाकरीचं?"

आई लुगड्यांच्या घड्या घालत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पीठ डब्यात हाय. हात तुमच्यापाशी हायत."

भाकरी अर्थात मीच करत राहिले. पण मामंजींनी वर्षभर आईंशी बोलणं टाकलं. सणाला त्या गावी आल्या तरी मामंजी पाठ करून बसायचे. इथे एकदाही आले नाहीत.

या गल्लीत घरटी एक अशी आजी आहे. कुणी चाकूरची, कुणी उदगीरची. क्लास सुटायच्या आधी गल्लीभर कुकरच्या शिट्ट्या होतात. घरमालकीण खातूनबी, म्हणून तुम्ही नाक मुरडलं होतंत. आईंनी तुम्हाला फोनवर सांगितलेलं मी ऐकलंय. "तिचा नमाज तिच्यापाशी, माझं इष्टलिंग माझ्या गळ्यात. आमचं भांडण नुसतं नळाच्या पाण्यावरून व्हतंय."

त्या याच खोलीत गेल्या. सकाळी तवा ठेवला आणि खाली बसल्या त्या उठल्याच नाहीत. खातूनबीच्या पोरानं रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, हृदय. मातीच्या दिवशी तुम्ही चार माणसांत म्हणालात, "त्या खोलीनं आईला खाल्लं. खोली सोडा. पोरीला निलंग्याच्या कॉलेजात घाला, दोन वर्षांत उजवून टाकू. वहिनी गावात राहून बाबांचं बघतील."

मी गप्प होते. तो होकार नव्हता, भाऊजी. समोर आई होत्या आणि त्यांच्या अंगावर माती पडत होती.

भूकंपात तुमचे दादा गेले तेव्हाही चार माणसं जमली होती. शिवांगी सहा महिन्यांची होती. मला माहेरी धाडा म्हणाली. आई पत्र्याच्या शेडच्या दारात उभ्या राहिल्या. "ही कुठं जात न्हाई. लई काळजी असंल तर जाताना दोन घागरी पाणी भरून द्या." माणसं पांगली. त्याच शेडात, मदतीच्या कपड्यांबरोबर आलेल्या पुस्तकांवर मी अक्षर अक्षर लावत वाचायला शिकले. मी वाचत असले की माझ्या वाटणीची भांडी आई घासायच्या. त्यांची आठवण ठेवायची म्हणजे त्यांचं काम मोडायचं नाही, एवढं मला कळतं. शिवांगी बारावी इथेच करणार. रांधायला मी आले आहे. परवानगी मागत नाही, कळवते आहे.

आता मामंजींचं. जेवण वेळेवर चाललंय एवढंच वर लिहिलं. कुठे, ते लिहायचं टाळलं.

ते इथे आहेत. तुम्ही नांदेडला परतलात त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पिशवी भरत होते, तर त्यांनी आपलं धोतर आणून तीत कोंबलं. म्हणाले, "मला बी ने. ती हुती तवा गेलो न्हाई."

दारात खातूनबीनं विचारलं, "दानम्माचे मालक का तुम्ही? लई वाट बघायला लावली हो दादा तिला." मामंजींनी आत येऊन मला विचारलं, "कुठं बसायची?" मी स्टोव्हपुढची जागा दाखवली. तिथे बसून राहिले. बऱ्याच वेळानं डोळे पुसले आणि पिठाचा डबा पुढे ओढला.

रोज थापतात. पहिली भाकरी तव्यावर पडताना फाटली. शिवांगी म्हणाली, "आजोबा, महाराष्ट्राचा नकाशा झालाय."

"खा गप. तुझ्या काकाच्या नांदेडापासून सुरू कर."

आई गेल्यापासून पोरगी तेव्हा पहिल्यांदा हसली.

उभं सोयाबीन शेजारच्या सरजाबाईच्या घरच्यांना अर्ध्यावर राखायला दिलं आहे. घराची किल्लीही तिच्याकडे. तुम्ही या, जेवायला वाढीन. पण आम्हाला न्यायला म्हणून येणार असाल तर बस बदलून परत फिरा.

पत्र मामंजींना वाचून दाखवलं. म्हणाले, "खाली माझं बी नाव पायजे. आशीर्वाद नगं, नुसतं नाव. त्याला कळंल." पेन घेऊन त्यांनी स्वतःच लिहिलं आहे. अक्षर वाकडं आहे, पण लागतं.

आईंची सून,
महानंदा

अमृतराव