मंजुनाथच्या आईची पाटी आणि आमचा बारा किलोमीटरचा रस्ता

तीर्थस्वरूप रघुनंदनमामांस, तुमच्या भाचीचा बंगळूरहून वाकून नमस्कार. गुडघा आता जिने चढू देतो का? मामींचं लोणचं पोचलं (बरणी फुटली होती, पण पिशवी चाटण्याइतपत शाबूत होती).

मामा, मी सध्या जमिनीपासून चार बोटं वर चालतेय, तेव्हा अक्षर समजून घ्या. आमच्या महादेवपुऱ्याच्या ऑफिसात बंदरापासून किनाऱ्याच्या महामार्गापर्यंतचा रस्ता आखलाय, हे तुम्हाला ठाऊक आहेच. बारा किलोमीटर, दोन्ही बाजूंना उंच भिंत, कर्ज परदेशी बँकेचं. भिंत मी आखलेली (म्हणून आजवर मीच तिचं फार कौतुक करत होते). गेल्या मंगळवारी बँकेचे तीन अधिकारी नकाशा पाहायला आले आणि त्यांना हॉटेलातून आणायला आमच्या जयतीर्थसरांनी मला धाडलं. के. आर. पुरमच्या पुलाखाली गाडी जी थांबली, ती दोन तास हललीच नाही. पाहुण्यांचं विमान संध्याकाळचं. सर फोनवर ओरडले, "तिथेच दाखव!" मग मी मागच्या सीटवर नकाशा पसरला. एक साहेब दाराला चिकटले, दुसऱ्यांनी शेंगा विकत घेतल्या आणि टरफलं आमच्या बंदरावर टाकली.

तेवढ्यात ड्रायव्हर मंजुनाथने इंजिन बंद केलं, मागे वळला आणि नकाशावर बोट ठेवून कन्नडमध्ये म्हणाला, "मॅडम, हे आमचं गाव. आई रोज सकाळी माशांची पाटी घेऊन इथून बाजारात जाते. भिंत झाली की चार किलोमीटर वळसा. पाटी डोक्यावर, वय बासष्ट."

तिसऱ्या होत्या त्यांच्यातल्या सर्वांत मोठ्या बाई, त्यांनी मला विचारलं, तो काय म्हणतो? मामा, तुमच्यापाशी खोटं कशाला बोलू? मी इंग्रजीत सांगितलं, रस्ता सुंदर आहे म्हणतो. बाई म्हणाल्या, "मग डोक्यावर हात कशाला ठेवला त्याने?" त्यावर मंजुनाथच माझ्यापेक्षा स्वच्छ इंग्रजीत म्हणाला, "मॅडम स्वल्प चुकल्या. मी सांगतो." (आठ वर्षं परदेशी पाहुणे फिरवतोय. आधी सांगायला काय झालं होतं?)

मला भुईत गडप व्हावंसं वाटलं, पण खाली तर गटार होतं. शेवटी मीच म्हटलं, "तो खरं बोलतोय, चूक माझी आहे." मग नकाशा बॉनेटवर आला. मी पेन्सिलीने भिंतीखालून दोन भुयारी वाटा काढल्या. शेजारच्या रिक्षावाल्याने तिसरी सुचवली, तीही बाईंनी घेतली! बाजूचे हॉर्न वाजवायचे सोडून खाली उतरून बघायला लागले. पाहुणे परस्पर विमानतळाला गेले आणि शुक्रवारी पत्र आलं: कर्ज मंजूर, वाटा करायच्याच, आणि आखणाऱ्या मुलीने वर्षभर त्या गावात राहून लोकांचं ऐकायचं. मामा, मी ऑफिसात नाचले!

सर्वांना नमस्कार, चिंटूला पापा.

तुमची,
मनस्विनी

ता. क. बाबांना यातलं काही ठाऊक नाही. खारा वारा मला सोसत नाही असं त्यांचं लहानपणापासूनचं मत. तुम्ही हुबळीला जाऊन त्यांना पटवा ना.

ता. क. २. खरं म्हणजे वर "बंगळूरहून" लिहिलं ते सवयीने. चार दिवस झाले, मंजुनाथच्या आईकडे खोली घेतलीय. काल फोनवर बाबांनी विचारलं, मागे घों-घों आवाज कसला? मी म्हटलं, एसी बिघडलाय. समुद्र होता तो. आता ते रविवारी पाने-पकडी घेऊन बंगळूरला यायला निघालेत. मामा, शनिवारच्या आत जा.